डिझेलच्या काटकसरीचे मोजमाप

नव्या मोटारीभोवती चार माणसे जमली म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ इंग्रजीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ सरासरी एवढाच. इंदूरच्या, बेळगावच्या आणि बडोद्याच्या रस्त्यांवर त्याला ‘एका लिटरमागे इतके किलोमीटर’ असा नवा अर्थ चिकटला आणि तो आता पक्का झाला आहे. तथापि या रूढ शब्दात एक सत्य नकळत टिकून राहिले आहे. इंधनाचा खप हा मोटारीचा जन्मजात गुण नव्हे. ती अनेक प्रवासांची सरासरी असते. सरासरी कोणत्या प्रवासांची, आणि ती कोणी व कोठे काढली, यावर तिचे मोल ठरते. रोज कामावर ने-आण करणारी, पण मोकळा रस्ता मिळताच भरधाव सुटणारी जी तेज डिझेल मोटार युरोपने घडविली, तिच्या इतिहासात या प्रश्नाने जेवढी उलथापालथ केली तेवढी दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने केली नाही.

डिझेल इंजिनाचा जन्मच मुळी एका मोजणीतून झाला. रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे, जर्मन आईबापांच्या पोटी झाला. म्युनिकमध्ये शिकत असता प्रोफेसर कार्ल फॉन लिंडे यांच्या व्याख्यानांतून एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्या काळचे वाफेचे यंत्र कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एक-दशांश भाग कामास लावी आणि उरलेली सारी धुराड्यावाटे दवडी. ही उधळपट्टी थांबवावी या एकाच ध्यासाने त्यांनी १८९३ साली नव्या इंजिनाचे पेटंट मिळविले आणि आउग्सबुर्ग येथील यंत्रशाळेत चार वर्षे झटून ते प्रत्यक्षात आणले. इंजिन कसले, सुमारे तीन मीटर उंचीचा एकाच सिलिंडरचा तो एक मनोराच होता. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्रोफेसर मोरिट्झ श्र्योटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली. शक्ती भरली वीस अश्वशक्तीच्या आतबाहेर; पण खरे महत्त्वाचे होते ते दुसरे माप. दिलेल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे त्या इंजिनाने कामात रूपांतर केले होते. परीक्षक कारखान्याबाहेरचा, आणि मोजले गेले ते इंजिनाने प्रत्यक्ष केलेले काम. डिझेलची सारी कीर्ती या एका आकड्यावर उभी राहिली. स्वतः डिझेल १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ आगबोटीवरून रात्री नाहीसे झाले. मोटारीत बसलेले आपले इंजिन पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

हे इंजिन काटकसरी का, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण पुढचा सारा वाद त्यावरच आहे. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. नुसती हवाच पंधरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते की नोझलमधून उडालेले तेल तिच्यात आपोआप पेट घेते. दाब जितका अधिक तितकी उष्णता कामी अधिक, हा त्यातला पहिला लाभ. दुसरा लाभ रोजच्या ये-जा करणाऱ्याच्या अधिक उपयोगाचा आहे. पेट्रोल इंजिनाची गती कमी करावयाची तर त्याचा श्वास कोंडावा लागतो. हवेच्या वाटेवरची झडप मिटत आणावी लागते आणि त्या अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यातच शक्ती खर्ची पडते. डिझेलला हा कोंडमारा नाही; त्याचे फक्त तेल कमी करावयाचे. कचेरीच्या वाटेवर इंजिन पूर्ण जोराने चालते असे किती क्षण असतात? बहुतेक वेळ ते रेंगाळतच असते, आणि या रेंगाळण्यातच डिझेलची बचत सर्वांत अधिक दिसते.

तिसरी गोष्ट मात्र लाभ म्हणून सांगितली जाते ती पूर्णांशाने लाभ नव्हे. डिझेल हे पेट्रोलपेक्षा दाट तेल आहे. एका लिटरात त्यात दहा-बारा टक्के उष्णता अधिक भरते. त्याच हिशेबाने एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर एक लिटर डिझेल जळून २.६ किलोंहून अधिक. पातळ आणि दाट दूध एकाच मापाने मोजावे आणि दाट दुधाचे लोणी अधिक निघाले म्हणून गवळणीच्या हाताची तारीफ करावी, तसा हा प्रकार आहे. डिझेल गाडी लिटरमागे पंचवीस-तीस टक्के पुढे जाते असे म्हणतात तेव्हा त्यातला बराचसा वाटा इंजिनाचा आणि उरलेला निव्वळ तेलाच्या दाटपणाचा असतो. विक्रेता हे कधी सांगत नाही.

महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या शेतकऱ्याला हे इंजिन प्रथम भेटले ते मोटारीत नव्हे, विहिरीवर. एके काळी बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि पुढे ‘इंजिन’ हा शब्दच खेडोपाडी पाणी उपसण्याच्या यंत्राचा वाचक होऊन बसला. त्या इंजिनाचे माप सोपे होते. किती तास पाणी उपसले आणि डब्यातले तेल किती उतरले, एवढे पाहिले की झाले. तेथे कागदावरचा आकडा आणि मळ्यातला आकडा असे दोन आकडे संभवतच नव्हते.

मोटारीत हे जड इंजिन बसावयाला १८९७ नंतर जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून तेल फवारणारा छोटा, नेमका पंप मोठ्या संख्येने काढला तेव्हा वाट मोकळी झाली. १९३६ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ‘२६० डी’ ही गाडी मांडली. ४५ अश्वशक्ती, ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेग. शंभर किलोमीटरला ती सुमारे साडेनऊ लिटर तेल घेई. तशाच पेट्रोल गाडीला तेरा लिटर लागत. या गाडीचे पहिले चाहते कोण? टॅक्सीवाले. दिवसभर शहरात फिरणाऱ्या, सवारीची वाट पाहत इंजिन चालू ठेवणाऱ्या आणि रोज रात्री गल्ल्याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. त्याने डिझेलला पसंतीची पावती दिली. परंतु त्या पावतीबरोबर डिझेलच्या कपाळी एक शिक्काही बसला : गाडी मंद, खडखडाटी, धुराळ, पैसे वाचविणाऱ्याची, हौस असणाऱ्याची नव्हे.

हा शिक्का पुसण्याचा पहिला मोठा खटाटोप अमेरिकेत झाला. इंडियाना राज्यात डिझेल इंजिने बनविणाऱ्या क्लेसी कमिन्स यांनी एका जुन्या पॅकार्ड गाडीत आपले इंजिन बसविले आणि १९३० च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनाला चालवीत नेली. अंतर सुमारे आठशे मैल. तेलाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. पुढच्याच वर्षी त्यांची गाडी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली. तिचा वेग अव्वल नव्हता. पण एकदाही न थांबता, एक थेंबही तेल नव्याने न घेता तिने पाचशे मैल पुरे केले आणि तेरावा क्रमांक मिळविला. १९५२ साली तर कमिन्सच्या टर्बो बसविलेल्या गाडीने, फ्रेड अगाबाशियन यांच्या हाती, पात्रता-फेरीत ताशी १३८ मैलांचा वेग गाठून सर्वांत पुढची जागा पटकावली. शर्यतीत मात्र धावपट्टीवरच्या टायरांच्या रबराचे कण टर्बोच्या तोंडात अडकले आणि एकाहत्तराव्या फेरीला गाडी बाद झाली. शर्यतीतले काही क्षण दाखवावे इतके डिझेल तेज आहे, हे सिद्ध झाले. घरगुती गाडीत ते यावयाला आणखी पंचवीस वर्षे लागली.

ती वेळ आणली अरबी तेलाच्या टंचाईने. १९७३ साली पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा मध्यमवर्गीय युरोपीय माणूस प्रथमच लिटरांचा हिशेब करू लागला. फोक्सवॅगनने १९७६ साली आपल्या लहान ‘गोल्फ’ गाडीत ५० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन घातले. काटकसर उत्तम, पण चढावर दम लागे. १९८२ साली त्याच गाडीला टर्बो मिळाला, ७० अश्वशक्ती आली आणि ‘जीटीडी’ हे नाव पडले. हे नाव मुद्दाम निवडलेले होते. याच गोल्फची ‘जीटीआय’ ही ११० अश्वशक्तीची पेट्रोल गाडी तरुणांच्या गळ्यातला ताईत झाली होती. तिच्या नावातले एक अक्षर बदलून कंपनीने सांगितले की काटकसरीलाही आता ऐट आहे. पाठोपाठ १९८३ साली बीएमडब्ल्यूने ११५ अश्वशक्तीची ‘५२४ टीडी’ काढली. १९८९ साली ऑडीने फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात १२० अश्वशक्तीची ‘१०० टीडीआय’ मांडली. तीत तेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई आणि त्या फवाऱ्याचे नियंत्रण विजेच्या सूक्ष्म यंत्रणेकडे होते. तेज डिझेल मोटारीचे युग खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले.

या गाड्यांचे रहस्य असे की त्यांची ताकद आणि काटकसर एकमेकींच्या आड येत नाहीत. ताशी ८०-९० किलोमीटरच्या स्थिर वेगाला लहान गाडीला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरतात. मोठ्या पेट्रोल इंजिनाला इतके थोडे काम दिले की ते कोंडल्या श्वासाने तेल जाळते. टर्बो-डिझेल मात्र कमी फेऱ्यांत, वरच्या गिअरमध्ये, थोडेसे तेल घेऊन निमूट चालते; आणि पुढची मालमोटार ओलांडावयाची वेळ आली की तेच इंजिन सारा जोर बाहेर काढते. रोज साठ-सत्तर किलोमीटर दूरच्या गावाहून कामावर येणाऱ्या जर्मन किंवा फ्रेंच माणसाला दुसरे काय हवे होते?

किती मिळू शकते याचा एक नमुना १९९२ च्या जुलैत पाहावयास मिळाला. स्टुअर्ट ब्लेडन या इंग्रज मोटार-लेखकाने ऑडी १०० टीडीआय एकाच टाकीवर ब्रिटनच्या उत्तर टोकापासून, जॉन ओ’ग्रोट्सपासून, दक्षिण टोकाच्या लँड्स एंडपर्यंत नेली आणि परत स्कॉटलंडपर्यंत आणली. अंतर २,१५३ किलोमीटर. लिटरमागे जवळजवळ २७ किलोमीटर. ती मोठी, पाच माणसांची गाडी होती हे ध्यानात घेतले म्हणजे आकडा थक्क करणारा वाटतो. पण गाडी कशी चालविली हे विसरता कामा नये. मऊ पाऊल, मोजका वेग, ब्रेकला शक्यतो स्पर्श नाही. तीच गाडी महामार्गावर ताशी १२० ऐवजी १५० किलोमीटरने हाकली तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो आणि तेलाचा आकडा त्यामागोमाग चढतो. आणि कचेरी घरापासून चार किलोमीटरवर असेल तर आणखी निराळे. इंजिन तापण्यापूर्वीच प्रवास संपतो, वंगणतेल घट्टच राहते आणि पहिल्या काही किलोमीटरांत खप कितीतरी वाढतो. गाडी एक आणि आकडे तीन. खोटा एकही नाही.

शर्यतीच्या मैदानावरही याच गुणाने बाजी मारली. १९९८ साली न्युर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत बीएमडब्ल्यूच्या ‘३२० डी’ने जिंकली, चोवीस तासांच्या शर्यतीत डिझेल गाडी प्रथमच विजयी झाली. इतर गाड्या तेलासाठी थांबत तेव्हा ती पळत असे. २००६ साली ऑडीच्या ‘आर १० टीडीआय’ने ले माँची शर्यत जिंकली आणि २०१४ पर्यंत तेथे दरवर्षी डिझेलच पहिले आले, एकदा प्यूजोचे, बाकीच्या वेळी ऑडीचे. कमिन्स यांचा १९३१ चा हट्ट पंचाहत्तर वर्षांनी फळास आला.

दरम्यान सरकारे पुढे सरसावली. युरोपच्या मोटार-कारखानदारांनी १९९८ साली कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटविण्याचे आश्वासन दिले. पुढे ते कायद्याने बंधनकारक झाले आणि अनेक देशांत मोटारीवरचा कर त्याच प्रमाणावर बसू लागला. आता लिटरांचा आकडा ग्राहकाच्या कुतूहलापुरता उरला नाही. त्यावर कर, दंड आणि विक्री ठरू लागली. १९९० च्या सुमारास युरोपात दर सात नव्या गाड्यांत एखादी डिझेल असे. २०११ पर्यंत निम्म्याहून अधिक गाड्या डिझेलच्या झाल्या.

आणि हा सर्वशक्तिमान आकडा काढला कसा जात होता? प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून. ही परीक्षा मुळात १९७० साली शहरातला धूर मोजण्यासाठी बेतलेली. पुढे १९९० च्या सुमारास तिला महामार्गाचा एक तुकडा जोडला. सारी परीक्षा ११८० सेकंदांची, अंतर सुमारे ११ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरांहून थोडा कमी. ताशी १२० चा वेग येतो तो दहा सेकंदांपुरता. शून्यापासून ताशी ५० किलोमीटर गाठावयाला २६ सेकंद दिलेले! एवढ्या वेळात एखादी जुनी एस. टी. गाडीही तो वेग गाठील. म्हणजे जी मोटार तेज म्हणून विकली जाई, तिचे तेजच परीक्षेत कधी तपासले जात नसे. शिवाय खोलीचे तापमान वीस ते तीस अंश, वातानुकूलन बंद. टायरांत हवा भरपूर, गाडीचे वजन कमीत कमी. नियमांच्या फटी कारखान्यांतल्या हुशार माणसांना तोंडपाठ झाल्या. यातले बरेचसे बेकायदा नव्हते, हे विशेष.

परिणाम काय झाला, हे इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेने वर्षानुवर्षे मांडून दाखविले. जर्मनीतल्या हजारो मोटारमालकांनी दरवेळी टाकी भरताना केलेल्या नोंदी त्यांनी सरकारी आकड्यांशी ताडून पाहिल्या. २००१ साली दोहोंत फरक होता आठ-नऊ टक्क्यांचा. २०१५ च्या सुमारास तो चाळीस टक्क्यांवर गेला. पंधरा वर्षांत वाहनचालकांचे पाय काही इतके जड झाले नव्हते. गोल्फ जीटीडीचेच उदाहरण घ्यावे. २०१३ ची १८४ अश्वशक्तीची जीटीडी कागदावर शंभर किलोमीटरला ४.२ लिटर घेई, म्हणजे लिटरमागे जवळजवळ २४ किलोमीटर. वापरणाऱ्यांच्या नोंदींत सहा लिटरांच्या आसपासचे, म्हणजे सोळा-सतराचे आकडे येत. आता एवढ्या शक्तीच्या गाडीने सोळा-सतरा किलोमीटर द्यावे ही उत्तमच गोष्ट आहे. १९३६ च्या ४५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजलाही ते जमले नव्हते. पण चोवीसची आशा लावून सोळा हातावर ठेवले की उत्तमही फसवणूक वाटू लागते. पेट्रोल गाड्यांतही ही तफावत होतीच. डिझेल मात्र काटकसरीच्याच नावावर विकले जात असल्याने तिला ती अधिक झोंबली.

तेलाच्या आकड्यात सवलत घेतली गेली ती नियमांच्या फटींतून. धुराच्या आकड्यात घडले ते याहून गंभीर होते आणि त्याचे मूळ पुन्हा काटकसरीतच आहे. अधिक दाब आणि अधिक ऊन हवा यांनी तेल वाचते. पण त्याच उन्हात हवेतला नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो आणि फुप्फुसांना जाचणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते कमी करावे तर जळका वायू पुन्हा इंजिनात फिरवावा लागतो, किंवा निराळे रसायन आणि महागडी यंत्रणा लागते. काजळीची गाळणी वेळोवेळी जाळून साफ करावी लागते, त्यासाठी वेगळे तेल खर्च होते. काटकसर, जोर, स्वच्छ धूर आणि बेताची किंमत ही चारही एका गाडीत बसविणे फार कठीण होते. ती बसविल्याचे फोक्सवॅगनने अमेरिकेला सांगितले.

२०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या एका छोट्या चमूने डिझेल गाड्यांच्या डिकीत मोजणीची उपकरणे आणि त्यांना वीज पुरविणारा जनित्र-संच बसवून कॅलिफोर्नियाचे रस्ते पालथे घातले. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेली. त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा हे दोघे भारतातून गेलेले अभ्यासक होते. डिझेल स्वच्छ असू शकते हे अमेरिकेतल्या गाड्यांवरून युरोपला दाखवून द्यावे, असा हे काम सोपविणाऱ्या कौन्सिलचा विचार होता. निघाले भलतेच. फोक्सवॅगनची जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडीत होती, पासाट ५ ते २० पट. प्रयोगशाळेत मात्र याच गाड्या निष्कलंक ठरत. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याने कारण जाहीर केले. सुकाणूचक्र हलते की नाही, वेग कसा बदलतो, किती वेळ चालणे झाले, यांवरून गाडीतली संगणक-आज्ञावली आपली परीक्षा चालू आहे हे ओळखी आणि तेवढ्यापुरती सभ्य वागे. अशी आज्ञावली जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होती. २०१७ साली कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

यात एक विलक्षण गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत खिडकीवर चिकटविला जाणारा सरकारी आकडा २००८ पासून कडक परीक्षेवरून काढीत. तेथल्या अनेक टीडीआय-मालकांना त्या आकड्याहून अधिकच अंतर मिळे आणि ते गाडीचे गुण गात. त्या गाड्यांची रस्त्यावरची काटकसर खरी होती. तिची किंमत मालकाऐवजी रस्त्याकडेला राहणारे श्वासावाटे भरीत होते, हे कोणी मोजले नव्हते एवढेच.

भारतात या कथेचे पडसाद उमटले ते पुण्यात. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था, म्हणजे जाहिरातींत जिच्या नावाने अ‍ॅव्हरेज छापले जाते ती ‘एआरएआय’, येथेच आहे. तिच्या चाचणीत मोटारीचा वेग ताशी ९० किलोमीटरांवर जात नसे. तिने २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासल्या आणि त्यानंतर कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावीत असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वीची काही वर्षे भारतात डिझेलची चलती होती. सरकारी नियंत्रणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे; २०१४ च्या ऑक्टोबरात ते नियंत्रण उठले. चाकणला बनणारी पोलो जीटी टीडीआय २०१३ साली बाजारात आली, ती याच लाटेवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे कडक नियम लागू झाले, गाळणी आणि शुद्धीकरणाचा खर्च वाढला, आणि फोक्सवॅगन, स्कोडा व मारुती यांनी येथल्या डिझेल मोटारी बंद केल्या.

ज्यांच्या दारी त्यांतली एखादी अजून उभी आहे, किंवा जे आजही डिझेल गाडी घेऊ पाहतात, त्यांच्यासाठी साधा हिशेब असा मांडता येईल. सोयीसाठी धरून चालू की पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर देते व डिझेल गाडी १८. पेट्रोल शंभर रुपये, डिझेल नव्वद. किलोमीटरमागे दोन रुपयांहून किंचित अधिक वाचतात. डिझेल गाडीला दीड लाख रुपये अधिक मोजले असतील तर ते वसूल व्हावयाला सत्तर हजार किलोमीटर लागतील. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला ही सातशे दिवसांची गोष्ट. रोज तीस किलोमीटर जाणाऱ्याला दोन हजार तीनशेहून अधिक दिवस. त्यातही दुसऱ्याची वाट गावातल्या सिग्नलांमधून जात असेल तर गाळणी पुरेशी तापणार नाही, ती साफ करावयाला वेगळे तेल जळेल आणि १८ चा आकडा १८ राहणार नाही. या हिशेबात जाहिरातीतल्या आकड्याचा उपयोग नाही. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुन्हा काठोकाठ भरताना लिटर लिहावेत आणि भागावे, हाच मार्ग. असे पाच-सहा वेळा केले म्हणजे त्या गाडीचा त्या वाटेवरचा आकडा मिळतो.

युरोपने जुनी परीक्षा २०१७ पासून मोडीत काढली. नवी परीक्षा तीस मिनिटांची, २३ किलोमीटरांची, ताशी १३१ किलोमीटरांपर्यंत जाणारी आहे. शिवाय धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जातो. आणि २०२१ पासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत इंधनाचा खप टिपणारे मापकच बसविणे सक्तीचे झाले. टाकी भरताना वहीत लिहिण्याचे काम गाडीच करू लागली. त्या नोंदींचा पहिला मोठा ताळेबंद युरोपीय आयोगाने २०२४ साली प्रसिद्ध केला. नव्या परीक्षेच्या आकड्यांपेक्षा रस्त्यावरचा खप अजूनही सुमारे एक-पंचमांशाने अधिक भरला. पेट्रोल गाड्यांचा जवळजवळ २४ टक्क्यांनी, डिझेल गाड्यांचा सुमारे १८ टक्क्यांनी. कागदाला अधिक जवळ राहिले ते डिझेलच. पण हा ताळेबंद हाती आला तोवर युरोपात विकल्या जाणाऱ्या दर शंभर नव्या मोटारींत डिझेलच्या पंधराही उरल्या नव्हत्या.